एकोणिसावा टाक

"बाईचा ठसा एकच हाय," जैनुद्दीन म्हणाले. "पाटलाची असू द्या, न्हाईतर रोजगाराला जाणारी असू द्या. मेल्यावर समद्या ह्याच ठशातनं निघत्यात."

त्यांनी पितळेचा ठसा फडक्यानं पुसून राजेश्वरीच्या पुढं सरकवला. काडेपेटीएवढा होता. त्यात एक बाई कोरलेली होती. डोक्यावरून पदर, नाकात नथ, हात जोडलेले. डोळे म्हणजे नुसती दोन टिंबं.

"माझी आई नथ घालत नव्हती," राजेश्वरी म्हणाली.

"मग?"

"चमक्या. दोन्ही नाकपुड्यांत."

"दोनी?" जैनुद्दीननी चष्म्यावरून पाहिलं. "गाव कुठलं तुमचं?"

"विट्याच्या पलीकडं. पण आई सेलमची. तमिळनाडूतली."

"त्यांच्यात टाक करत्यात?"

"नाही करत."

"मग आनि?"

"आमच्यात करतात."

"तुमच्यात करत्यात, त्यांच्यात न्हाई." म्हाताऱ्यांनी मान हलवत हिशेब जुळवून पाहिला. "मग त्या कुनाच्यात हुत्या, ताई?"

"तेच ठरवायला आलेय."

म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत ते दुकान होतं. दोन माणसं बसली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. सर्वपित्री अमावास्या होती आणि उद्या घट बसायचे होते, म्हणून भिंतीला लागून उजळायला आलेल्या देवांच्या पिशव्याच पिशव्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीला गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी टाचलेली. आत खंडोबा, भवानी, जोतिबा, सिद्धनाथ, आणि त्यांच्यातच मिसळलेले त्या त्या घरचे आजे-पणजे. या मुलखात घरातलं माणूस गेलं आणि वर्ष सरलं, की चांदीच्या पातळ पत्र्यावर त्याची आकृती उठवतात आणि तो टाक देव्हाऱ्यात ठेवतात. त्या दिवसापासून ते माणूस देवांबरोबर न्हातं, देवांच्या रांगेत बसतं, आणि पुरणपोळीचा नैवेद्य त्यालाही पोचतो.

"आमचा मतीन म्हनतो, अब्बा, आता हे देव करायचं बंद करा, लोक नावं ठेवत्यात," जैनुद्दीन भट्टीत कोळसे सारत म्हणाले. "म्या म्हनलं, पुजनारं ते, ठोकनारा मी. माझ्या बाला ह्यो धंदा एका ओताऱ्यानं शिकवला. त्याला पोरबाळ न्हवतं. ठसं बी त्येचंच. आता सांगा, कुनाचा धंदा म्हनायचा ह्यो? चांदी माझी वापरू का?"

"चांदी मी आणलीय."

राजेश्वरीनं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. आतले पैंजण त्यांनी तळहातावर घेतले, उजेडाकडं धरले, एका कडीवरून नख फिरवलं.

"ही घडन हितली न्हवं."

"तिनं स्वतः जोडलेत. लग्नाआधी ती तेच काम करायची. घुंगरं आधी काढून घ्या, त्यात सांध्याचा डाख जास्त असतो. चांदी फुटेल."

जैनुद्दीन हसले. "तुमी गलाईवाल्याच्या दिसताय."

"हो."

"बघा, म्हनलं न्हाई मी! एवढं मोडू नका, ताई. टाकाला चिमूटभर लागतीया. एकातल्या चार कड्या काढतो."

"जाड पत्रा नाही का होणार? लवकर झिजू नये म्हणून."

"जाड पत्र्यावर उठाव धरत न्हाई. पातळ असंल तरच मानूस उमटतंय." पकडीत पैंजण धरून ते थांबले. "भावकीनं हा म्हनलंय न्हवं? न्हाईतर म्हागनं माझ्या दारात भांडान येतंय."

"नाही म्हणालेत."

"आनि तरी?"

"आणि तरी."

म्हाताऱ्यांनी कट्कन चार कड्या तोडल्या, मुशीत टाकल्या, वरून टाकणखाराची चिमूट सोडली. "ठोकायचं काम माझं," ते म्हणाले. "बसवायचं तुमचं तुमी बघा."

मुशीत चांदी लाल झाली, मग पाऱ्यासारखी थरथरायला लागली. राजेश्वरीनं लहानपणी हे रोज पाहिलं होतं. तेव्हा सेलमच्या दुकानात वडील म्हणायचे, आता बघ, आता तिला तिचा आकार आठवत न्हाई.

*

लग्नाआधी तिच्या आईचं नाव अंजलै होतं. सेलमच्या शेव्वापेटेत, चाळीसारख्या एका लांबट घरात, ती आणि तिच्या तीन बहिणी दिवसभर पैंजणाच्या कड्या जोडायच्या. फुंकणी तोंडात, समोर दिवा. राजेश्वरीचा बाप नाथाजी तेव्हा बावीस वर्षांचा होता. गलाईचं, म्हणजे चांदी गाळून शुद्ध करायचं दुकान टाकून त्याला तीन वर्षं झाली होती. अशा घरांतला केर विकत घ्यायला तो दर शनिवारी फिरायचा, कारण गलाईवाल्याच्या लेखी केर हा केर नसतो. त्यात चांदीचा कीस असतो. अंजलैच्या घरचा केर त्यानं पाच वर्षं नेला. मग एका शनिवारी पोतं न घेताच आला.

मुरुगनच्या देवळात हार घातले. गावाहून कुणी आलं नाही. थोरले भाऊ बाळासो तेव्हा पलटणीत होते, जम्मूला. त्यांनी तिथून एक कार्ड टाकलं. 'लग्नाचे समजले. बाकी ठीक.' नाथाजींनी अंजलैचं अंजना केलं, तेवढंच गावासाठी.

राजेश्वरी दहा वर्षांची झाली तेव्हा गलाईवाल्यांच्या रिवाजाप्रमाणं तिला शाळेला गावी पाठवलं. मराठी राहावी म्हणून. थोरल्या काकीनं, हरणाबाईनं, तिला वाढवलं. डोक्यातल्या उवा काढल्या, पाठ न केलेल्या पाढ्यांसाठी पाठीत धपाटे घातले. मराठी राहिली. तमिळ तीन वर्षांत गेली. मेमध्ये आई भेटायला यायची तेव्हा दोघी पडवीत शेजारी बसायच्या आणि बोलायला काही नसायचं. आई तिचे केस विंचरत एकच लाडाचा शब्द म्हणायची, "कण्णू", आणि एवढ्या एकाच शब्दावर महिना निघायचा.

मग आईनं मराठी शिकायला घेतली. शिकवायला हरणाबाई होती, त्यामुळं तिला टोमणे आधी आले आणि गोड बोलणं मागाहून. कायमची गावी राहायला आली तोवर ती 'आवं', 'गं बया' करत इतकी सराईत बोलायची, की बाजारात विट्याच्या बायका तिला कुठल्या वाडीची म्हणून विचारायच्या. फक्त मोजायची तमिळमध्ये. अंडी, गोवऱ्या, देव, काहीही.

देवांवरून तर पहिल्याच आठवड्यात रामायण झालं होतं.

नाथाजींची छाती तेजाबाच्या धुरानं कामातून गेली म्हणून दुकान विकून दोघं गावी आली, त्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. हरणाबाई मळ्यात गेली होती. अंजनानं देव्हारा उघडला, आत काळेकुट्ट पडलेले सतरा टाक पाहिले आणि तिच्यातली चांदीवाली जागी झाली. चिंच आणि रिठ्याच्या पाण्यात सगळे भिजत घातले, घासले, धुतले आणि अंगणात सुपात वाळत घातले. हरणाबाई परतली तेव्हा सुपात सतरा देव लखलखत होते आणि कोण कुठं बसत होता याचा कुणाला पत्ता नव्हता. खंडोबा घोड्यावरून कळत होता, भवानी हातांवरून. पण आठ पितर होते, झिजून झिजून नुसते उंचवटे राहिलेले. त्यांतला आजा कोणता, पणजा कोणता, पाण्यात गेलेला चुलता कोणता, ते फक्त त्यांच्या जागांवरून माहीत होतं.

"आगं माझ्या कर्मा," हरणाबाईनं कपाळावर हात मारून घेतला होता. "समदं खानदान सुपात कालवलं गं हिनं!"

बाळासोंनी तासभर सुपापुढं बसून पाहिलं. त्यांनाही सांगता येईना. शेवटी अंजनानंच, ओण्णु, रेंडु, मूणु करत, सगळे ओळीनं लावले. आधी देव, मग पितर, जास्त झिजलेले आधी, कमी झिजलेले नंतर. "ज्यो जास्ती झिजला त्यो जास्ती म्हातारा," ती म्हणाली. तीच रांग कायम झाली.

चार वर्षांनी नाथाजी गेले आणि त्यांचा टाक अठरावा बसला. तेराव्याला बायकांनी अंजनाच्या गळ्यातलं, हातातलं, पायाच्या बोटांतलं काढून घेतलं. पैंजणाला हात घातला तेव्हा तिनं पाय मागं घेतले.

"आगं, रांडमुंड बाईनं पायात वाजवत हिंडायचं व्हय?" हरणाबाई म्हणाली.

"नवरा गेला," अंजना म्हणाली. "पाय न्हाई गेलं."

पुढची अकरा वर्षं ती वाजतच हिंडली. पाणंदीनं, ओढ्याकाठानं, सोसायटीच्या कचेरीत. लोकांनी नावं ठेवायची ठेवली आणि कंटाळून सोडली.

गेल्या वर्षी सांगलीच्या दवाखान्यात, शेवटच्या पाच दिवसांत, तिची मराठी गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या रक्तस्रावात असं होतं. मागाहून आलेली भाषा आधी जाते. ती बोलत होती, पुष्कळ बोलत होती, काहीतरी विचारत होती आणि उत्तराची वाट पाहत होती. राजेश्वरी सांगलीच्या कोर्टात अनुवादक होती. एकवीस वर्षं ती लोकांचे जबाब एका भाषेतून दुसरीत नेत होती, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे होऊ न देता. आईच्या खाटेशी बसून तिनं ऐकू येतील तसे ते आवाज देवनागरीत लिहून काढले. पाठपोट दोन कागद. ते तिनं अजून कुणाला दाखवले नव्हते.

आणि वर्षश्राद्धाला, पानं उठल्यावर, तिनं टाकाचं विचारलं तेव्हा बाळासो हात पुसत म्हणाले होते, "न्हाई. नाथाचा हाय, तेवढा बास."

*

"नथ पुसू का?" जैनुद्दीननी विचारलं. ठोकून पातळ केलेला पत्रा त्यांनी ठशावर बसवला होता आणि वर शिशाचा तुकडा ठेवून हातोडी उचलली होती. "त्या जाग्याला घाव हलका घातला की नथ उठत न्हाई. चमक्या काय मला जमायच्या न्हाईत, पर नथ घालवता यील."

राजेश्वरीनं विचार केला.

"राहू द्या नथ," ती म्हणाली. "सासरनं घातली नव्हती."

म्हाताऱ्यांनी घाव घातला तो जोरात घातला.

*

सकाळी सातला ती गावात पोचली तेव्हा अंगण सारवलेलं होतं. आत देव्हाऱ्यापुढं पत्रावळीवर काळी माती पसरली होती आणि त्यात धान्य पेरून झालं होतं. हरणाबाई ओल्या लुगड्यानं परातीपुढं बसून देवांना न्हाऊ घालत होती. घट बसायच्या दिवशी देवाला हात लावायचा तो ओलेत्यानंच, आणि तोही घरच्या थोरल्या बाईनं. पाटावर विड्याची पानं ओळीनं मांडली होती. एकेक देव पुसून पानावर ठेवायचा. एकदा ठेवला की नऊ दिवस हलवायचा नाही.

बाळासो भिंतीला टेकून खुर्चीवर बसले होते. ऐंशी वर्षांचे, पाठ अजून पलटणीतली.

"आलीस?" ते म्हणाले. "बस. च्या घे."

राजेश्वरी न्हाणीत गेली. अंगावर पाणी ओतून घेतलं, आणि ओल्या साडीनं, केसांतून पाणी गळत, बाहेर आली. हरणाबाईनं मान वर केली. राजेश्वरीनं मूठ उघडली आणि टाक परातीतल्या पाण्यात सोडला. काही आवाजसुद्धा झाला नाही.

"ह्ये काय?" हरणाबाई म्हणाली, पण तिला कळलं होतं.

"आई."

बाळासो खुर्चीतून उठले. "राजी, काढ ते."

"नाही, आबा."

"आगं, श्राद्धाला सांगितलं न्हवतं व्हय तुला? तू शिकल्याली, कोर्टात कामाला, तुला कायदा म्या सांगावा? कुळात जलमलेला, न्हाईतर चार मान्सांत लगीन लावून कुळात आनल्याली. देव्हाऱ्यात दोगंच बसत्यात. तुझ्या आयचं लगीन कुनी बगितलं? ना हळद, ना देवक. मुरगनच्या देवळात हार घातला, खतम."

"खंडोबानं बानूशी लग्न लावलं ते कुणी बघितलं होतं? ती तर धनगराची. रानातनं उचलून आणली. जेजुरीला गडाच्या अर्ध्या वाटेवर बसलीय आणि तुम्ही तिथं नारळ फोडता."

"देवाची गोष्ट येगळी, आपली येगळी."

"म्हणून तर म्हणतेय, तिला देव करा."

हरणाबाईनं तोंडाला पदर लावला. हसू आलं होतं की काय, ते कळलं नाही.

"तोंड लय चालाय लागलं तुझं," बाळासो म्हणाले. पण आवाज चढवला नाही, उलट खाली आणला, आणि तो राजेश्वरीला जास्त कठीण गेला. "पोरी, तुझ्या आयवर माझा राग न्हाई. नाथाचं लय केलं तिनं. शेवटाला त्येची थुंकी पुसली. माझ्या डोळ्यांनी बगितलंय. पर आज तिचा बसवला की उद्या काय? माझा जयराज तकडं शिलिगुडीला दुकान टाकून बसलाय. नातवंडं माझी फोनवर बंगालीत बोलत्यात, आज्याला आज्या म्हनत न्हाईत. उद्या त्यातला एखादा बंगालीन आनंल. तिचाबी टाक करायचा?"

"करायचा."

"आनि परवा आसामातली?"

"तिचाही करायचा."

"मग देव्हारा आमचा ऱ्हातोय कुठं, राजी?"

हा प्रश्न त्यांनी खरोखरच विचारला होता. राजेश्वरीला एकदम जाणवलं, की हा माणूस तिच्याशी भांडत नाहीये, घाबरलाय. विशी उलटायच्या आत घर सोडलेला, डोग्रांबरोबर रोटी खाल्लेला, निम्मं आयुष्य हिंदीत हुकूम दिलेला माणूस. परत आला तेव्हा त्याला सगळं जागच्या जागी हवं होतं. तिला दया आली. पण दया आली म्हणून ती हलली नाही.

तिनं परातीतून एक टाक उचलला. इतका गुळगुळीत, की नुसता चांदीचा तुकडा वाटावा. मध्ये एक बसकी आकृती, बाजूला परडीसारखं काहीतरी.

"हा कुणाचा, आबा?"

"यल्लव्वा हाय ती."

"आपल्याकडं यल्लव्वा कुठनं आली? आपलं कूळ सिद्धनाथाचं."

उत्तर हरणाबाईनं दिलं. या घरच्या बायकांच्या गोष्टी तिच्या सासूनं तिला सांगितल्या होत्या. "ह्यांची खापरपंजी आथनीकडची, कानडी. दुष्काळात मागून आनली हुती. मराठी येत न्हवती म्हनं. पदराला यल्लव्वा बांधून आली. सासूनं म्हनलं फेकून दे. तिनं चुलीम्होरं बसकन मारली आनि तीन दिस भाकरी केली न्हाई."

"मग?"

"मग काय. तिसऱ्या दिशी बसवली यल्लव्वा. बाप्ये उपाशी किती ऱ्हातील?"

"ते जुनं झालं," बाळासो म्हणाले.

"हो. जुनं झालं म्हणून आपलं झालं," राजेश्वरी म्हणाली. यल्लव्वाला तिनं हलकेच पाण्यात ठेवलं. "आणि आबा, आता काकी या सगळ्यांना पानावर ठेवेल ती कुठल्या क्रमानं? पंधरा-सोळा वर्षं तुम्ही आज्याला आजा म्हणून हात जोडता ते कुणाच्या सांगण्यावरनं? त्या दिवशी तुम्ही सुपापुढं बसला होता, तुम्हाला वडील ओळखता आले नव्हते. तिनं लावून दिले. तमिळमध्ये मोजून. ती बाहेरची असेल तर मग रांगच मोडा. परत लावा. मी थांबते."

बाहेर रस्त्यावरून कुणाचातरी ट्रॅक्टर गेला. बाळासोंनी खुर्चीची पाठ धरली.

"हरणे," ते शेवटी म्हणाले, राजेश्वरीकडं न बघता. "तू ओलेती हायस. काढ ते परातीतनं बाहीर."

हरणाबाई हलली नाही.

"आयकलं न्हाईस का?"

"आयकलं." तिनं दोन्ही हात पाण्यातून काढून गुडघ्यांवर ठेवले. "जित्ती हुती तवा काढायची हुती, आवो. तवा म्या सांगत हुते, काढा. वाजत हिंडती, सांगितलेलं आयकत न्हाई, माझ्या चुलीवर चिंचंचं पानी शिजवती. काढली न्हाई तुमी. आता मेल्याली बाई हाय. देवाच्या पान्यात न्हाल्याली. आता तिला हाताला धरून बाहीर काढू? आनि मग ती कुठं जाईल? हितंच फिरंल की. माझ्या उंबऱ्यावर बसंल." तिच्या अंगावर शहारा आला तो ओल्या लुगड्याचा नव्हता. "मी न्हाई हात लावायची. तुमची छाती असंल तर न्हावून या आनि तुमीच काढा."

राजेश्वरीनं वर्षभर मनातल्या मनात हे भांडण कितीतरी वेळा लढलं होतं. प्रत्येक वेळी ती न्यायानं जिंकत होती, क्वचित मायेनं. भीतीचा तिनं विचार केला नव्हता. आईला कळलं असतं तर ती म्हणाली असती, मिळालं न्हवं? मग कुनी का देईना. आणि राजेश्वरीनंही तेच धरलं. तिनं काही समजावलं नाही, आभार मानले नाहीत. तशीच ओलेती उभी राहिली.

बाळासो न्हाणीकडं गेले नाहीत. त्यांनी पानांकडं पाहिलं.

"पानं अठराच हायती," ते म्हणाले.

"व्हय की," हरणाबाई म्हणाली. "मोजून सांगितली हुती."

"मग?"

"मग काय. आना एक."

बाळासोंनी खुंटीवरची टोपी घेतली. झटकली, घातली, आणि पायात वहाणा सरकवून बाहेर पडले. पानपट्टी स्टँडवर होती, आणि आज घटाचा दिवस, म्हणजे तिथं रांग असणार. हरणाबाईनं देव पुसायला घेतले. खंडोबा. भवानी. सिद्धनाथ आणि जोगेश्वरी. यल्लव्वा. मग झिजलेले, मग कमी झिजलेले. नाथाजी. एकेक पान भरत गेलं आणि परातीत एकटी नवी चांदी राहिली. दोघी तिच्याकडं न बघता बसल्या.

"केस पूस," हरणाबाई म्हणाली. "सर्दी होतीया तुला."

बाळासो आले ते अर्ध्या तासानं. कागदाच्या घडीत पान होतं. त्यांनी ते उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि स्वतः बाहेरच, पायरीवर, पाठ करून बसले. हरणाबाईनं पान धुतलं, देठ बाकीच्या पानांसारखं देवाकडं केलं, नाथाजींच्या डाव्या बाजूला मांडलं. टाक पुसून त्यावर ठेवला. कोवळं पान होतं, मोठं. त्यावर टाक फारच लहान दिसत होता.

मग तिनं हळद-कुंकवाचं तबक ओढलं आणि पहिल्यापासून सगळ्यांना लावत आली. शेवटच्या पानाशी आल्यावर कुंकवाचा अंगठा हवेतच थांबला. जावेच्या कपाळाला अकरा वर्षं कुंकू नव्हतं, आणि ते पहिल्यांदा पुसलं होतं ते याच हातानं.

पायरीवरची पाठ हलली नाही.

हरणाबाईनं अंगठा पुन्हा कुंकवात बुडवला, चांगला भरून घेतला, आणि टेकवला. अंगठा रुंद होता, शेण-मातीत फुटलेला. तो उचलला तेव्हा नथ दिसत नव्हती, जोडलेले हात दिसत नव्हते, डोळ्यांची टिंबंही दिसत नव्हती. एकोणीस पानांवर एकोणीस लाल ठिपके होते, आणि त्यांतला कोणता कुणाचा, हे आता नुसतं बघून कुणालाही सांगता आलं नसतं.